तू कोनाची वं?

"बाबा, एक सांगाचं होतं."

"नंतर, बेटा. मी लिहून राहिलो ना."

देवीदास सोमकुवर सर त्या संध्याकाळी जे लिहीत होते, त्याचं पहिलं वाक्य असं होतं: 'पालकहो, मूल काही सांगायला आले की हातातले काम बाजूला ठेवून त्याचे ऐका.' वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं की त्यांनी ते लाल पेनानं दोनदा अधोरेखित केलं. अकरा वर्षांची सुप्रिया दाराच्या चौकटीला टेकून जराशी थांबली, एका पायानं दुसरा पाय खाजवला आणि स्वयंपाकघरात आईकडे निघून गेली.

सर राहायला पांढुर्ण्यात आणि नोकरीला मोहगावच्या एका शाळेत. विषय गणित. आता गणिताच्या माणसाचा ऑनलाइन खेळांशी काय संबंध, असं कोणी विचारेल. झालं होतं असं, की वरून एक पत्रक आलं होतं. 'ऑनलाइन खेळांपासून बालकांची सुरक्षा' या विषयावर पालकांची सभा घ्यावी आणि सभेची छायाचित्रं पाठवावीत. मुख्याध्यापक रघुनाथराव, ज्यांना सारी शाळा बडे सर म्हणे, त्यांनी पत्रकाची शेवटची ओळ आधी वाचली.

"फोटो पाठवाचे हायेत," ते म्हणाले. "सोमकुवर सर, तुमचा फोन भारीतला हाय. हा विषय तुमीच घ्या."

सरकारी नोकरीत माणूस तज्ज्ञ होतो तो असा.

शनिवारी सभा झाली. चाळीसेक पालक आले. त्यातले निम्मे शिष्यवृत्तीचं काहीतरी सांगणार आहेत म्हणून आले होते, पण आल्यासारखे बसले. बडे सरांनी प्रास्ताविक केलं. "या खेळांत निस्ती मारामारी असते. पोट्ट्यांचं डोस्कं बिघडून राहिलं," असं म्हणत त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. कपाळावर तीन टाक्यांची जुनी खूण होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीच्या दोन काठांवरून दोन गावं एकमेकांवर दगड फेकतात, त्या गोटमारीत ती पडलेली. बडे सर ती खूण पाहुण्यांना मोठ्या अभिमानानं दाखवत. सभेत कोणालाच यात काही वावगं वाटलं नाही.

मग सोमकुवर सर उभे राहिले. नऊ सूचना होत्या, आदल्या रात्री घरात मोठ्यानं म्हणून पाठ केलेल्या. पहिलीच त्यांनी टेबलावर बोट आपटून सांगितली. "खेळात जो अनोळखी मानूस पोराले विचारते, तुझं नाव काय, गाव कोनतं, बाबा काय करते, घरी कोन कोन हाय, तो लबाड समजाचा. त्याले काई सांगाचं नाई."

मागच्या सतरंजीवरून दादाजी नावाचे एक आजोबा उठले. "गुर्जी, हे तर आमी सारेच इचारतो."

"अनोळखी मानसाबद्दल बोलून राहिलो मी, दादाजी."

"अनोळखी हाय म्हनूनच तं इचाराचं! वळखीच्याले कायले इचारीन?"

सभा हसली. हसण्यासारखंच होतं, कारण पांढुर्णा-सौंसरच्या पट्ट्यात बोलण्याची सुरुवातच त्या प्रश्नापासून होते. तू कोणाचा? आडनाव काय? मामाचं गाव कोणतं? बसमध्ये शेजारी बसलेल्याला हे विचारलं नाही, तर तो मनातून दुखावतो. या प्रश्नाचं एक टोक बोचरंही असतं, हे सोमकुवर सरांना चांगलं ठाऊक होतं. आडनाव ऐकल्यावर यजमानानं ओट्यावरची सतरंजी हळूच आत ओढून घेतलेली त्यांच्या आजोबांनी पाहिली होती. तरी सर स्वतःसुद्धा नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी हेच विचारत. सवय ती सवय.

नववी सूचना होती, 'पालकांनी स्वतः खेळात उतरून गुप्तपणे लक्ष ठेवावे.' हा सल्ला सभेत फक्त एका माणसानं मनावर घेतला, अशी सरांची समजूत होती. तो माणूस म्हणजे ते स्वतः.

सुप्रिया जो खेळ खेळे त्याचं नाव 'मेरा टापू'. प्रत्येकाला पाण्यात एक छोटंसं बेट मिळतं. त्यावर घर बांधायचं, गाजरं लावायची, शेजारच्या टापूवर जायचं, गप्पा मारायच्या. सरांनी रविवारी सकाळी खातं उघडलं. नाव 'श्रुती परी', वय दहा. खेळानं मोबाइल नंबर मागितला. सरांच्या नंबरावर आधीच शाळेची आठ ॲपं नांदत होती, म्हणून त्यांनी बायकोचा दिला.

"इंदू, तुझ्या फोनवर ओटीपी आला काय?"

"आला. कायचा हाय?" इंदू आरोग्य केंद्रात नर्स होती आणि लसीकरणाच्या याद्या तपासत बसली होती.

"सरकारी काम हाय."

इंदूनं चष्म्यावरून एकदा नवऱ्याकडे पाहिलं, आकडे वाचून दाखवले आणि पुन्हा याद्यांत डोकं घातलं.

बावीस वर्षांच्या नोकरीत पांढऱ्या शर्टाखेरीज काही न घातलेले सोमकुवर सर अशा रीतीनं गुलाबी फ्रॉक आणि दोन पंख लावून टापूवर उतरले. त्यांनी गाजरं लावली, कुंपण घातलं आणि मग लेकीच्या टापूवर गेले. तिथं लहान मुलीसारखं काहीतरी गोड बोलायचं ठरवून आले होते. पण बोटांना बावीस वर्षांची सवय. त्यांनी लिहिलं, "तू कोनाची वं? बाबा काय करते? घरी कोन कोन हाय?"

टापूचं फाटक खाडकन बंद झालं. पडद्यावर अक्षरं आली: 'या खेळाडूने तुमच्याशी बोलणे बंद केले आहे.'

सरांना इतका आनंद झाला की ते पलंगावरून उठून उभे राहिले. पोरगी हुशार! भाषण कामी आलं! शहाण्या माणसानं खरं तर इथंच खातं बंद करून चहा घेतला असता. पण दुपारपर्यंत सरांची सहा गाजरं कोणीतरी चोरून नेली होती, आणि कष्टाचं पीक असं सोडून देणं त्यांच्या जिवावर आलं. निगराणी चालूच ठेवायला हवी, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

निगराणी जोरात चालली. मधल्या सुट्टीत पाणी देणं, शाळा सुटल्यावर तोडणी. सहामाहीच्या वह्या तशाच पडून राहिल्या. एका संध्याकाळी सुप्रिया पुन्हा आली. "बाबा, ते खेळातलं एक सांगू?" सरांनी फोन घाईघाईनं उशीखाली सारला. "आता नाई, बेटा. कामात हाओ." उशीखालून गाजर पिकल्याची घंटी वाजली. सुप्रियानं उशीकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं आणि निघून गेली.

शाळेत बडे सरही हल्ली फोनात मान घालून दिसत. विचारलं की म्हणत, "ऑफिसचं काम." एकदा प्रार्थना चालू असताना ते सोमकुवर सरांच्या कानाशी लागले.

"सोमकुवर सर, गाजर किती दिवसात निंगते हो?"

"चार तासात," सरांच्या तोंडून गेलं. मग जीभ चावून ते म्हणाले, "म्हंजे, तीन महिन्यात. काऊन, शेतात लावून राहिले काय?"

"हो हो. म्हनलं, संत्र्याच्या मधात लावून पाहाव."

दोघंही आपापलं गुपित सांभाळण्यात इतके गुंतले होते, की समोरचा काय बोलला याचा विचार करायला कोणाला उसंत नव्हती.

पाचव्या दिवशी श्रुती परीच्या टापूवर एक पाहुणा आला. नाव 'रोहित किंग', वय अकरा, डोक्यावर मुकुट. आल्या आल्या त्यानं लिहिलं, "तू कोनाची वं?"

हाच! भाषणातला लबाड माणूस मुकुट घालून समोर उभा होता. आपल्या सुप्रियाला हाच गाठला असता तर? भीती खरी होती आणि रागही खरा होता. याला गोड बोलून जाळ्यात ओढायचा, हे त्यांनी ठरवलं.

"तू सांग आधी, तू कोनाचा?" परीनं लिहिलं.

"मी इकडचाच. तुझ्या मामाचं गाव कोनतं?"

"रामाकोना."

रामाकोना हे सरांच्या खऱ्या मामाचं गाव. वय खोटं सांगितलं, नाव खोटं सांगितलं, पंखसुद्धा खोटे लावले. पण मामाच्या गावाबद्दल खोटं बोलणं काही त्यांना जमेना.

"रामाकोन्यात कोनीकडे?"

"पान्याच्या टाकीजवळ. दारात निंब हाय."

"अस्सं! टाकीजवळ तर माह्या साळ्याचा दोस्त राहाते," रोहित किंगनं लिहिलं.

अकरा वर्षांच्या पोराला साळा कुठून आला, हे सरांच्या ध्यानात आलं आणि त्यांची खात्रीच पटली. हा बनेल माणूस आहे! खात्री पटली तरी बोलणं थांबेना. मामाला संत्र्याची किती झाडं, मामी कुठली, शाळेत जायची वाट कोणती, हे सगळं त्यांनी दहा मिनिटांत सांगून टाकलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते उगाच नाही. आपल्याच नऊ सूचनांपैकी आठ त्यांनी एका बैठकीत मोडल्या, आणि नववी पाळण्यापायीच हे सगळं चाललं होतं.

मग दोघांनी एकाच वेळी लिहिलं, "भेटू?"

ठिकाण ठरलं सौंसरचं बसस्टँड. रविवारी दुपारी चार वाजता. ओळखायचं कसं?

"हातात संत्रं धरून उभी राहजो," रोहित किंगनं लिहिलं. "मीपन धरतो."

सोमकुवर सरांचा एक जुना विद्यार्थी संदीप पोलिसात होता. सरांनी त्याला गाठलं. संदीप म्हणाला, "सर, तुमी लेखी तक्रार द्या. त्या खात्याचे फोटो द्या. सायबरवाले पाहतीन."

"तोवर तो पसार होईन. तू फक्त ये. ज्याच्या हातात संत्रं दिसन, त्याले धर."

ज्या मास्तरानं सातवीत कान पिळून पाढे पाठ करून घेतले, त्याला नाही कसं म्हणायचं? रविवारी सुट्टी होती. साध्या कपड्यांत संदीप आला.

डिसेंबरचा महिना. संत्र्याचा हंगाम. सौंसरच्या बसस्टँडवर चार वाजता जे दृश्य होतं ते पाहून संदीप जागीच थांबला. हातगाड्यांवर संत्री, पोत्यांत संत्री, बसच्या टपावर संत्री. कंडक्टर संत्रं सोलत होता. नागपूरच्या गाडीची वाट पाहणाऱ्या म्हाताऱ्या संत्र्याच्या फोडी नातवंडांच्या तोंडात घालत होत्या. रिकाम्या हाताचा माणूस शोधून सापडला नसता.

"सर," संदीप हळूच म्हणाला, "अठी तर सारेच आरोपी हायेत."

"घाबरू नको. एकएकाची चौकशी कर."

संदीपनं एका काळ्या चष्मेवाल्याला हटकलं. पोलिसी खाक्यात पहिला प्रश्न केला, "काय बे, कोनाचा तू?" त्या माणसानं आडनाव सांगितलं, गाव सांगितलं, मामाचं गावही न विचारता सांगितलं. तिसऱ्या मिनिटाला तो संदीपच्या सासूचा मावसभाऊ निघाला. त्यानं जावईबापूंना दोन संत्री दिली आणि घरी चहाला येण्याची शपथ घातली. संदीप परत आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत संत्री होती.

"हे काय?" सर ओरडले.

"नाई म्हनता येत नाई ना, सर."

इतक्यात मागून कोणीतरी सरांची कॉलर धरली. "सापडला! संत्रं हातात घेऊन उभा हाय बदमाश!"

सर गर्रकन वळले. मफलर, गॉगल, एका हातात आपली कॉलर आणि दुसऱ्या हातात हे एवढं संत्रं. गॉगल घसरला. वर कपाळावर तीन टाक्यांची खूण.

"बडे सर?"

"सोमकुवर सर? तुमी अठी काय करून राहिले?"

"तुमी काय करून राहिले?"

क्षणभर दोघं एकमेकांच्या संत्र्यांकडे पाहत राहिले. मग सोमकुवर सरांनी खालच्या आवाजात विचारलं, "रोहित?"

बडे सरांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "श्रुती?"

बसस्टँडवर दोन पोक्त माणसं कॉलर धरून एकमेकांना रोहित आणि श्रुती म्हणतायत, हे पाहायला गर्दी जमली नसती तरच नवल. कंडक्टर पुढे झाला. त्यानं दोघांना आपादमस्तक न्याहाळलं आणि या पट्ट्यातला पहिला प्रश्न विचारला.

"तुमी कोनाचे हो?"

"दोघंबी मास्तर हायेत," संदीपनं संत्री खिशात कोंबत गर्दी पांगवली. "पोरायच्या सुरक्षेचं काम चालू हाय. चला, व्हा पुढे."

बाकावर बसून दोघांनी ती संत्री खाल्ली. टाकून तरी काय करायचं? बडे सरांनी सांगितलं की उलट 'तू कोनाचा' विचारणारी परी त्यांनाही लबाडच वाटली होती. त्यांचा नातू हर्षल तो खेळ खेळतो. सभेतली नववी सूचना ऐकून त्यांनीही खातं उघडलं होतं. नातवानं पहिल्याच दिवशी फाटक बंद केलं, तरी ते राहिले.

"काऊन?" सोमकुवर सरांनी विचारलं.

"गाजरं लावले होते ना," बडे सर खाली पाहत म्हणाले. मग एकदम मान वर करून म्हणाले, "पन माहे गाजरं तुमीच चोरले ना?"

"मी नाई! माहे सोताचे चोरीले गेले!"

दोघांनाही चोर कोण ते कळेना. मात्र झाल्या प्रकाराचा अहवाल पाठवणं भाग होतं, कारण बसस्टँडची बातमी मोहगावात त्यांच्या आधी पोचणार होती. बडे सरांची लेखणी अशा वेळी फार चाले. त्यांनी लिहिलं: 'विशेष मोहिमेत बालकांची वैयक्तिक माहिती विचारणारी दोन संशयास्पद बनावट खाती शोधून कायमची बंद करण्यात आली. पोलिस सहकार्य लाभले.' यातला शब्द न् शब्द खरा होता.

दोन आठवड्यांनी वरून प्रशस्तिपत्र आलं. सोनेरी काठाचं, सोमकुवर सरांच्या नावाचं. संध्याकाळी ते घरी आणून त्यांनी टेबलावर उभं केलं आणि कोणीतरी विचारण्याची वाट पाहिली. इंदूनं कणीक मळता मळता ते वाचलं.

"दोन खाती म्हंजे एक तुमचं," ती म्हणाली. "श्रुती परी."

सरांचा हात प्रशस्तिपत्रावरच राहिला. "तुले कसं माहीत?"

"ओटीपी माह्या फोनवर आला होता. त्यात खेळाचं नाव लिवलेलं होतं. पोरीलेबी पहिल्याच दिवशी समजलं. दहा वर्षाची पोट्टी 'बाबा काय करते' असं इचारते काय कोनाले?" मग तिनं हात पुसले आणि जरा गंभीर होऊन म्हणाली, "पन तिसरं एक खातं होतं. ते खरं होतं."

कोणी एक होता. सुप्रियाला म्हणाला, तुझा फोटो पाठव, मी खेळातले पाचशे हिरे देतो, घरी कोणाला सांगू नको. सुप्रियानं फोटो पाठवला नाही. ती घरी सांगायला आली. इंदूनं पडद्याचे फोटो काढून ठेवले, त्या माणसाला ब्लॉक केलं, सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली आणि पोरीला जवळ घेऊन पोळी खाऊ घातली. बाळाला सुई टोचायला लागतो त्याहून जास्त वेळ तिनं त्या लबाडाला दिला नव्हता. चार दिवसांनी त्याचं खातं बंद झालं.

ते खुर्चीत बसले. "हे कधी झालं?"

"सभेच्या आधी."

"आनि मले कोनी सांगितलं नाई?"

सुप्रिया दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. "मी आली होती ना, बाबा," ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, नुसती माहिती होती. "तुमी लिहून राहिले होते."

काय लिहून राहिलो होतो, ते सरांना आठवलं. लाल पेनानं दोनदा अधोरेखित केलेलं वाक्य. त्यांना इतकी लाज वाटली की प्रशस्तिपत्राकडे बघवेना. त्यांनी ते पालथं घातलं. तेवढ्यात फोन वाजला. बडे सरांचा होता. वरून नवं पत्रक आलं असणार. सरांनी तो वाजता फोन उचलून तांदळाच्या डब्यात टाकला आणि झाकण लावलं.

"ये, बस," ते लेकीला म्हणाले. "काय सांगाचं हाय ते सांग."

"आता तर काई नाई."

"नसू दे. बस तरी."

सुप्रिया शेजारी येऊन बसली. सरांना असं नुसतं बसायची सवय नव्हती, त्यांचे हात उगाच फोन शोधत होते, पण ते बसून राहिले.

"एक हाय," सुप्रिया अखेर म्हणाली. "पन रागवाचं नाई."

"नाई रागवत."

"तुमचे गाजरं मी आनि शेजारच्या टापूवरचा हर्षल चोरून राहिलो होतो. बडे सरांचेपन. रोज."

सर खुर्चीतून एकदम उठले. किती पाणी घातलं होतं, किती मधल्या सुट्ट्या घालवल्या होत्या! "अवं चोट्टे! कोनाची वं तू?"

सुप्रियानं हसू दाबत मान ताठ केली आणि टेबलावर बोट आपटलं.

"नाव-गाव इचारनाऱ्या अनोळखी मानसाले काई सांगाचं नाई."

आत इंदू इतकी हसली की तिची पोळी तव्यावर करपली. तांदळाच्या डब्यात फोन पुन्हा वाजायला लागला, आणि बराच वेळ वाजत राहिला.